डिशची पाठ गावाकडे

खैरखुटीत बौद्धांच्या वस्तीतल्या सगळ्या घरांची दारं गावाकडे आहेत. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पावसाची झड कुठून मारते, याचा त्या दारांशी काही संबंध नाही. वस्ती गावाच्या आग्नेयेला, ओढ्याकडे उतरत जाते, आणि प्रत्येक घर मान वळवून वर गावाकडे बघत बसल्यासारखं दिसतं. जुन्या काळी कुणीतरी ठरवलं की खालच्यांनी वरच्यांकडे पाठ करायची नाही. ठरवणारे मेले, कायदे आले, मातीच्या भिंतींच्या जागी विटा आल्या, पण दारं तिकडेच. विहार बांधायला घेतला तेव्हा वरच्या गावातला उकंडराव पायाजवळ येऊन उभा राहिला आणि दार कुठं ठेवायचं ते हाताने दाखवून गेला. जागा ग्रामपंचायतीची होती, आणि पंचायत कुणाचीही असली तरी उकंडरावच्या ओट्यावरच बसत होती. त्या दिवशी कुणी वाद घातला नाही. वाद न घालणाऱ्यांत पुंजाजीही होता, धम्मशीलेचा बाप.

पुंजाजीने उमेदीची वर्षं मलकापूरच्या जिनिंगमध्ये काढली. तिथून परत आला तेव्हा कापसाच्या धुळीचा खोकला आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन आला. खोकला गेला, ट्रान्झिस्टर राहिला. पहाटेच्या बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, दुपारची गाणी, असा त्याचा दिवस रेडिओनेच मापलेला असायचा. मग काचबिंदूने डोळे नेले. तेव्हाही तो फार हादरला नाही, कारण जग त्याच्याकडे कानातूनच येत होतं. हादरला तो नंतर, जेव्हा जुन्या रेडिओत हळूहळू खरखरच उरली. तो दिवसभर काटा फिरवत बसायचा. खरखरीतून एखादा शब्द वर आला की मान उचलायचा, शब्द बुडाला की मान खाली. आंधळा माणूस रेडिओत माणूस शोधतो आहे, हे रोज बघणं धम्मशीलेला सहन होईना.

धम्मशीला शाळेत खिचडी शिजवते. नवऱ्याचं घर सोडून आली त्याला बरीच वर्षं झाली. का सोडलं असं विचारणाऱ्याला ती खरं कारण सांगते, त्यामुळे आता कुणी विचारत नाही. बापासाठी तिने मोबाईल करून पाहिला. वस्ती खोलगटात, नेटवर्क ओढ्यापर्यंत येऊन परत फिरतं. आणि मोबाईलला बटणं नाहीत. गुळगुळीत काचेवर बोटं फिरवून पुंजाजी म्हणाला, "हे तर मले आरसा वाटून राह्यलं. आंध्याले आरसा कायले देतं बाई?"

मग एकदा ती चिखलीला मावशीकडे, कलाबाईकडे गेली. तिथं कलाबाईच्या हातून रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं. टीव्हीचं चित्र गेलं, पडदा काळा झाला, आणि त्या काळ्या पडद्यातून एक बाई मराठीत स्वच्छ बोलायला लागली. कलाबाईला वाटलं टीव्ही बिघडला. धम्मशीलेने तिच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि पुढचा तासभर परत दिला नाही. सरकारी फुकटच्या डिशवर टीव्हीच्या चॅनेलांच्या मागे रेडिओची रांग लागलेली असते, हे वर गावात घराघरांत डिश असून कुणाला माहीत नव्हतं. रेडिओचं बटण कशाला आहे, असा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

धम्मशीलेच्या घरातला टीव्ही उन्हाळ्यात व्होल्टेजने जळाला होता. डिश आणि तिचा सेट-टॉप बॉक्सचा डबा शाबूत होते. घरावर मात्र मोठ्या कडुलिंबाची सावली; पानांच्या आड ती डिश ना गावाला दिसायची, ना तिला आभाळ नीट दिसायचं. विहारावर मोकळं आकाश होतं, आत जयंतीचा अँप्लिफायर होता, आणि एकट्या पुंजाजीपेक्षा सगळ्या वस्तीने ऐकलेलं बरं. तिने गोविंदाला बोलावलं. गोविंदा वरच्या गावातला. हंगामात उकंडरावचा ट्रॅक्टर चालवायचा आणि एरवी डिश लावायचा. गावातली एकूण एक डिश त्याच्याच हातची. त्याने विहाराच्या गच्चीवर नळी ठोकली, डिश बसवली, नेहमीसारखी आग्नेयेला वळवली आणि चहा पिऊन गेला.

रविवारी सकाळी धम्मशीलेने वस्ती गोळा केली. डब्याची तांबडी-पांढरी पिन अँप्लिफायरला जोडली होती. रिमोटवरच्या रेडिओच्या बटणाला तिने टिकली चिकटवली होती, म्हणजे बापाचं बोट चुकणार नाही. पुंजाजीची प्लॅस्टिकची खुर्ची त्याच्या सवयीप्रमाणे दाराकडे, म्हणजे गावाकडे तोंड करून होती. स्पीकर होता मागच्या भिंतीला. बाबा, आवाज मागून येईल, खुर्ची फिरवते, असं ती म्हणाली, तर त्याने हात आडवा केला. अशीच राहू दे. जन्मभर असाच बसला होता तो. डोळे गेले तरी तोंड कुठं ठेवायचं ते शरीराला पाठ होतं.

धम्मशीलेने भाषण केलं नाही. खिचडीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं तिने सांगितलं. आपल्या डोक्यावर, लय वर, एक यंत्र आहे. पृथ्वी फिरते त्याच चालीने ते फिरतं, म्हणून आपल्याला ते एका जागी टांगल्यासारखं. ठिकठिकाणचे रेडिओवाले आपला आवाज त्याच्याकडे वर फेकतात, तो ते झेलतं आणि अख्ख्या देशावर सांडतं. डिश म्हणजे उलटी धरलेली छत्री. बरोबर तिकडे धरली की आपल्या वाट्याचं पडतं, जराशी हलली की कोरडी. टीव्ही लागत नाही. नेट लागत नाही. रिचार्ज नाही. जुन्या रेडिओसारखी याला खरखर नाही. एकतर बोलेल, नाहीतर मुकं राहील. आभाळ फारच दाटून आलं तर थोडा वेळ मुकं राहील, तेव्हा डब्याला थापडा मारायच्या नाहीत.

तानाबाई पुढेच बसली होती. वस्तीतल्या बायकांच्या वतीने बोलायचा मक्ता तिच्याकडे. तिने विचारलं, "वर कोणी बसलं हाय का आवाज द्याले?"

"कोणीच नाही, मावशी."

"मंग बरं हाय. वर बसलेल्याचं आयकून आयकून कान किटले माये."

हसू थांबेपर्यंत पुंजाजीने टिकली चाचपून बटण दाबलं. पहिला आवाज आला तो कन्नड. एक बाई ठासून काहीतरी सांगत होती. वस्ती आदराने ऐकत राहिली. जरा वेळाने तानाबाईने काय म्हणते म्हणून विचारलं. बातम्या आहेत, पुंजाजी म्हणाला, आवाजावरून समजतं, कोणी मेलं नाहीतर कोणी निवडून आलं. मग त्याने पुढचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, तेलुगू गेली, हिंदी गाणं गेलं, आणि एकदम मराठी. बोंडअळीवर कुणी शेतीतला माणूस बोलत होता. वस्तीत निम्म्यांना स्वतःची जमीन नाही, पण कापूस वेचणाऱ्या हातांना बोंडअळी मालकापेक्षा आधी दिसते. सगळे ऐकायला लागले. पुंजाजीचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. दोन वर्षं खरखरीत बुडालेला शब्द त्याच्या कानात सबंध, कोरडा, धुऊन आल्यासारखा येत होता. धम्मशीलेने बापाकडे पाहिलं आणि ठरवलं की हे आता कुणाच्या बापाला बंद करू द्यायचं नाही.

बंद करायला निघणारा लवकरच निघाला.

उकंडरावची गच्ची गावात सगळ्यात उंच. सकाळी तो तिथं दात घासत उभा राहतो आणि गाव बघतो. त्याला विहारावरची डिश दिसली. डिशचा आतला भाग नव्हे, मागचा भाग. गोल, पांढरी, त्याच्याकडे पाठ करून बसलेली. वस्तीत आजवर एक चूलसुद्धा त्याच्याकडे पाठ करून बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गोविंदा शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन उभा राहिला. धम्मशीला तांदूळ निवडत होती. उकंडरावभाऊ म्हणतात डिश थोडी वळवा, तो म्हणाला. तिची पाठ गावाकडे आहे, ते बरं दिसत नाही. धम्मशीलेला आधी वाटलं गोविंदा गंमत करतोय. त्याचं तोंड पाहिलं तेव्हा कळलं की नाही.

"गोविंदा, साऱ्या गावाच्या डिश तूच लावल्या ना बे? भाऊची कोणं लावली?"

"मीच."

"मंग तिचं तोंड कुकडं राह्यते, ते त्याईले काऊन नाही सांगितलं?"

गोविंदा चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "माह्या तोंडून निघत नाही ताई. त्याईचं ट्रॅक्टर माह्या हाती हाय."

घाबरलेल्या माणसाला सगळं माहीत असतं. गावं अडाणीपणामुळे सडत नाहीत, माहीत असून गप्प बसणाऱ्यांमुळे सडतात. धम्मशीलेने त्याला एवढंच सांगितलं की डिशला हात लावायचा नाही, आणि भाऊंना निरोप दे, वळत नाही म्हणावं.

निरोप गेला. उत्तर आलं ते भर दुपारी, वस्ती वेचणीला शेतात आणि धम्मशीला शाळेत असताना. विहारात एकटा पुंजाजी होता. दुपारची गाणी चालली होती. त्याला गच्चीच्या जिन्यावर पावलं ऐकू आली, मग डोक्यावर लोखंडाला पाना लागल्याचा आवाज आला. कोण आहे, त्याने विचारलं. पुन्हा विचारलं तेव्हा वरून कुणी तंबाखू थुंकलं, आणि त्या थुंकण्यावरून पुंजाजीने ओळखलं.

"गोविंदा, काय करून राह्यला बे?"

"दुरुस्ती करून राह्यलो बाबा," वरून आवाज आला, आणि त्याच क्षणी गाणं मधेच तुटलं. खरखर नाही, घरघर नाही. जसं कुणी तोंडावर हात ठेवावा. पावलं उतरून गेली. पुंजाजी टिकलीचं बटण दाबत राहिला. धम्मशीला आली तेव्हाही तो दाबतच होता. बटण गेलं का, त्याने विचारलं. स्वतःचं काही चुकलं असेल असंच त्याला वाटत होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अजून आधी आपलंच चुकलं असं वाटावं, याचा धम्मशीलेला जेवढा राग आला तेवढा गोविंदाचाही आला नाही.

ती गच्चीवर गेली. डिश गावाकडे वळवून, नट आवळून ठेवली होती. नम्रपणे उभी होती, उकंडरावच्या गच्चीकडे तोंड करून, आणि तिला काही ऐकू येत नव्हतं.

तोवर बाया शेतातून परतल्या होत्या. तानाबाई जिन्यात उभी राहिली, खाली पुंजाजी कान देऊन बसला. धम्मशीलेने सायकलच्या पान्याने नट ढिला केला आणि डिश फिरवायला लागली. जुन्या रेडिओचं बरं होतं. जवळ गेलं की खरखर तरी बदलायची, माणसाला अंदाज यायचा. हे यंत्र काही सांगत नाही. जरा सरकवायचं, थांबायचं, तानाबाईने खाली विचारायचं, खालून पुंजाजीने "नाही" म्हणायचं. पुन्हा जरा सरकवायचं. पुन्हा नाही. तिचे हात भरून आले. नेमकं कुठं होती ते तिला आठवेना. आग्नेय म्हणजे केवढा मोठा आभाळाचा तुकडा, आणि त्यात ते यंत्र केवढंसं.

ती दम घ्यायला उभी राहिली आणि तिने गावाकडे पाहिलं.

उकंडरावच्या गच्चीवर त्याची डिश होती. तिचा खोलगट भाग, पुढे आलेला दांडा, दांड्याच्या टोकाचं बोंड, सगळं सरळ धम्मशीलेकडे रोखलेलं. शेजारच्या पाटलाच्या माडीवरची, तीही इकडेच. सोसायटीच्या इमारतीवरची, किराणा दुकानावरची, मारुतीच्या देवळामागच्या पुजाऱ्याच्या पत्र्यावरची, एकूण एक डिश मान जराशी वर करून वस्तीकडे बघत होती. वर्षानुवर्षं बघत होती. अख्ख्या गावाच्या बातम्या, मालिका, क्रिकेट, सगळं वस्तीच्या डोक्यावरच्या आभाळातून येत होतं, आणि ते आणायला सगळ्या गावाने खाली वस्तीकडे तोंड केलेलं होतं. तिला हसू आलं. तानाबाईला वाटलं ऊन लागलं.

"मावशी, बाबाले म्हणा आता कान द्या."

उकंडरावची डिश सरळ तिच्याकडे बघत होती, म्हणजे दोघी एकाच रेषेत होत्या. म्हणजे तिने आपल्या डिशची पाठ बरोबर उकंडरावच्या गच्चीला लावायची, एवढंच काम होतं. तिने डिशच्या मागे डोकं नेलं, नेम धरावा तशी त्याची गच्ची पाठीच्या मधोमध घेतली, आणि आवळायच्या आधी जरासा धक्का दिला. खालून आवाज फुटला. रेडिओचा आणि पुंजाजीचा एकदमच. तिने नट असा आवळला की गोविंदाला तो काढायला आता कापायचं यंत्र लागलं असतं.

विहारात बसलेल्यांना तिने काय दिसलं ते सांगितलं. दोघी-तिघी वर जाऊन बघून आल्या. येताना हसत आल्या, पण ते हसणं हलकं नव्हतं. इतकी वर्षं आपण खाली मान घालून चाललो आणि डोक्यावर हे चाललं होतं, असं काहीसं त्यात होतं. आजपासून विहार एकटा ठेवायचा नाही, असंही तिथंच ठरलं. पाळीपाळीने कुणीतरी ऐकत बसायचं.

आवाज गावापर्यंत गेला असणार. दिवे लागायच्या आत उकंडराव स्वतः आला. मागे गोविंदा. उकंडराव पायरीपाशी थांबला. विहारात तो कधी शिरला नाही आणि आजही शिरणार नव्हता. त्याला पाहून आत दोन-चार जण सवयीने उठून उभे राहिले. तानाबाईचेही गुडघे हलले, मग तिने ते दाबून धरले.

उकंडरावने आवाज चढवला नाही. चढवायची त्याला कधी गरज पडली नव्हती. तो म्हणाला की एकदा निरोप दिला होता, माणूस पाठवून काम करूनही दिलं होतं, आता पुन्हा उलटं करायचं कारण काय. गावाला काही रीत आहे. सकाळी गच्चीवर गेलो की ती पाठ दिसते. जागा पंचायतीची आहे हे वस्तीने विसरू नये.

धम्मशीला दारात आली. पाना अजून हातातच होता.

"उकंडराव, तुमची डिश कुकडं पाह्यते?"

त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. त्याने गोविंदाकडे पाहिलं. गोविंदा ओढ्याकडे बघत होता.

"वर या, दाखवते. सारं गाव आमच्याकडं तोंड करून बसलं हाय. टीव्ही पाह्याले."

"ते मशीन हाय," उकंडराव म्हणाला.

"हेबी मशीनच हाय. तुमचं तोंड आमच्याकडं राह्यलं तर मशीन, अन् आमची पाठ तुमच्याकडं झाली का बेअदबी? गावाचा मान पाह्यजे असंन तर पयले साऱ्या गावाच्या डिश तिकडं फिरवा. आमच्या डोक्यावरचं आभाळ पाह्यनं बंद करा. मंग मी माही वळवीन."

गोविंदाने तोंडावर हात नेला. खोकला की हसू, ते कळलं नाही. उकंडराव म्हणाला की विहाराची लाइट पंचायतीच्या मीटरवर आहे, उद्या कापली तर काय वाजवणार. कापा, धम्मशीला म्हणाली. अँप्लिफायर जयंतीच्या मिरवणुकीत बॅटरीवरच चालतो, डबाही चालेल. विषय पंचायतीत घ्यायचा तर पंचायतीत घ्या, फक्त सभा गच्चीवर घ्या, म्हणजे सगळ्यांना सगळ्या डिश दिसतील.

उकंडराव पायरीवरून हलला नाही. त्याने धम्मशीलेला सोडून दिलं आणि आत नजर टाकली, जिथं दाराकडे तोंड करून पुंजाजी बसला होता. बाईशी काय बोलायचं, असा तो जुना हिशेब. या म्हाताऱ्याला तो पन्नास वर्षं ओळखत होता. विहाराच्या पायाच्या वेळी गप्प बसलेला हाच. "पुंजाजी," तो म्हणाला, "तू तरी सांग पोरीले. तुले रीत माहीत हाय."

रेडिओवर जाहिरात संपून काहीतरी दुसरं सुरू होत होतं. पुंजाजीने हाताने खुर्चीचा दांडा चाचपला. तो उठेल असं सगळ्यांना वाटलं, कारण त्या आवाजाला तो नेहमी उठला होता. धम्मशीलेलाही वाटलं. बाप आता उठला तर गच्चीवरचा तो नट काय कामाचा.

"धम्मे," पुंजाजी म्हणाला, "माही खुर्ची फिरव."

तिने पाना खाली ठेवला. खुर्ची बापासकट फिरवायला तानाबाईने हात लावला. प्लॅस्टिकचे पाय फरशीवर करकरले. पुंजाजीचं तोंड स्पीकरकडे झालं, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याची पाठ दिसली. अरुंद पाठ, सदऱ्यातून मणके उठून आलेले, मान जराशी एका बाजूला. जे उभे राहिले होते ते खाली बसले. एकेक करून त्यांनीही चटया फिरवल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही.

"आता आवाज वाढव," पुंजाजी म्हणाला.

धम्मशीलेने वाढवला. फिरवाफिरवीत कुणाचा तरी धक्का रिमोटला लागला होता, आणि पुन्हा ती कन्नड बाई लागली होती, तशीच ठासून सांगणारी. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. कुणी ती बदलली नाही. बाहेर उकंडराव किती वेळ उभा होता ते आतल्या कुणाला माहीत नाही, कारण वळून कुणी पाहिलं नाही.